उजव्या टाचेची शिकवणी

सर्जेराव सातपुते यांचा घोटा बसल्या जागेवरून उठताना मोडला, आणि हे गावाला पटवून देता देता त्यांच्या नाकी नऊ आले. माणूस झाडावरून पडतो, मोटारसायकलवरून पडतो, गेला बाजार न्हाणीत तरी घसरतो. सर्जेराव चपलेला टाके घालत सलग चार तास बसले होते. शालनबाईंनी चहाला हाक मारली म्हणून उठले. उजव्या पायाला मुंग्या आलेल्या, तो वाकडा पडला, आणि बासष्ट वर्षांच्या देहाचं सगळं वजन त्या वाकड्या पायावर आलं. आवाज स्वयंपाकघरात ऐकू गेला.

"चहा प्यायला उठलो आन् पाय मोडला," असं ते सांगायचे आणि ऐकणारा आधी हसायचा, मग हळहळायचा.

वेदगंगेच्या काठचं माळवाडी हे त्यांचं गाव. गावात एसटी यायची ती बिनड्रायव्हरची, तरी म्हातारी माणसं पुढच्या सीटवर बसून तिला वाट सांगायची. शेतावर औषध फवारायला यंत्रं उडायची. पण चप्पल मात्र सर्जेराव त्यांच्या वडिलांसारखीच करायचे. जमिनीवर बसायचं, डावा पाय मांडीखाली, उजवं पाऊल बाहेरच्या कडेवर आडवं टाकायचं, कातडं टाचेखाली दाबून धरायचं आणि अंगठ्यानं पट्टा ताणायचा. दोन्ही हात कातडं टोचायच्या आरीला आणि शिवायच्या चामडी वादीला मोकळे. दुसरे कारागीर लाकडी ठोकळा वापरत, गुडघ्यात धरत. टाचेखाली धरायची ही बैठक वडिलांची, म्हणजे आबांची, आणि आबांनी ती दोघांनाच शिकवली होती, सर्जेरावांना आणि धाकट्या भावाला, बाजीरावाला.

कोल्हापूरच्या दवाखान्यात डॉक्टर अनघा शिरगुप्पे यांनी त्यांना त्यांच्याच पायाचं चित्र पडद्यावर दाखवलं. बाई जेमतेम पस्तिशीच्या, बोलायला मोकळ्या.

"काका, घोटा चाचपला की दोन्ही बाजूंना उंचवटे लागतात ना? ती नडगीतल्या दोन हाडांची टोकं. आतून मोठ्या हाडाचं, बाहेरून बारीक हाडाचं. पावलाचं हाड त्यांच्या मधे चिमटीत धरल्यासारखं बसलेलं असतं. तुमची बाहेरची बाजू मोडलीय आणि चिमटी सैल झालीय. ती केसभर जरी सरकून जुळली, तरी सांधा झिजतो."

"मग पट्टी आन् खिळं ठोकायचं?"

"पूर्वी ठोकायचो. आता हाडाला शिकवतो."

हाडाला शिकवतात हे ऐकून सर्जेरावांनी बायकोकडे पाहिलं. शालनबाईंनी गप ऐका अशी मान हलवली.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं ते असं. हाड म्हणजे वाळकं लाकूड नव्हे. त्याच्यावर भार आला की आत अगदी बारीक वीज उमटते. जिथे ती उमटते तिथे शरीर नवं हाड घालतं, जिथे उमटत नाही तिथलं काढून घेतं. म्हणून पैलवानाचं हाड जाड आणि अंथरुणाला खिळलेल्याचं पातळ. मोडलेल्या जागी आता एक लेप सुईनं सोडतात. तो आत गेला की जाळीसारखा घट्ट होतो, नवं हाड त्या जाळीवर चढतं आणि तीन महिन्यांत लेप विरघळून जातो. बाहेरून पायाला एक पट्टा बांधतात. त्यातल्या बारीक मोटारी हाडाला इतके हलके दाब देतात की माणूस पडून असला तरी हाडाला वाटावं, आपण चालतोय. कुठे किती दाबायचं हे पट्टा दुसऱ्या, धड पायाकडून शिकतो आणि आरशातल्यासारखं उलटं करून मोडक्या पायाला शिकवतो.

त्या पट्ट्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. सगळे पेशंट त्याला मास्तर म्हणायचे.

"आता काय करायचं नाही ते सांगते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाय टेकायचा नाही, चालायचं नाही. बसून राहायचं."

सर्जेराव आज्ञाधारक माणूस. त्यांनी पाय टेकला नाही. कुठे जायचं तर कुबड्यांवर, नाहीतर शालनबाईंच्या खांद्यावर. आणि उरलेला दिवस डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ते बसून राहिले. कुठे? तर आपल्या जागेवर. बसायचं म्हणजे दुसरीकडे कुठे बसायचं असतं, हा विचार साठ वर्षांत त्यांच्या डोक्यात आला नव्हता. मास्तर बांधलेला पाय त्यांनी बाहेरच्या कडेवर आडवा टाकला, टाचेखाली कातडं घेतलं आणि कामाला लागले. रिकामं बसून करायचं काय?

चौथ्या आठवड्यात घोटा सुजला आणि ठणकायला लागला. मास्तर रोज दवाखान्यात खबर पाठवायचा, त्यावरून डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"काका, खरं सांगा, तुम्ही चालताय?"

"देवाशपथ न्हाई."

"न्हाई हो बाई," शालनबाई मागून म्हणाल्या. "जागचं हलत न्हाईत. बसूनच असत्यात दिवसभर."

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई स्वतः माळवाडीला आल्या. दारातूनच त्यांना सर्जेराव दिसले, टाचेखाली कातडं, हातात आरी, तोंडात वादीचं टोक. बाई उंबऱ्यावरच थांबल्या. मग त्यांनी कपाळाला हात लावला आणि तिथेच पायरीवर बसल्या.

"हे असं बसता?"

"मग कसं बसायचं?" सर्जेरावांनी खऱ्या कुतूहलानं विचारलं.

शालनबाईंचा चेहरा पडला. महिनाभर त्यांनी नवऱ्याला उचलून ठेवलं होतं, आंघोळी घातल्या होत्या, आणि शेवटी दोष आपल्याच पदरात पडणार असं त्यांना वाटलं. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, तुमची चूक नाही आणि काकांचीही नाही. मास्तरला शिकवलं ते खुर्चीत बसणाऱ्या माणसांनी. बसा म्हणजे कसं, हे आम्ही कुणी विचारलंच नाही."

डॉक्टरानं आपली चूक कबूल केलेली सर्जेराव आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. त्यांना ती बाई तिथेच आवडली.

पण प्रकरण अवघड होतं. मास्तर डाव्या पायाकडून चालणं शिकून आला होता आणि तेच शिकवत होता, तर मालक रोज आठ तास हाडाला दुसराच धडा देत होता. दोन मास्तरांच्या भांडणात विद्यार्थी नापास व्हावा तसं झालं. चीर जुळलीच नव्हती. लेप आतून पुन्हा मऊ करता येत होता, पण एकदाच, आणि तेही पुढच्या दहा दिवसांत. ते दहा दिवस गेले तर सांधा कायमचा जाम करायचा, एवढंच उरणार होतं.

"मऊ करून पुन्हा नुसतं चालणं शिकवलं, तर तुम्ही छान चालाल," डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. "पण पाऊल असं आडवं टाकून त्यावर जोर दिलात की बाहेरची बाजू पुन्हा जाईल. तिनं तो भार कधी शिकलेलाच नसेल. म्हणजे ही बैठक सोडावी लागेल."

सर्जेरावांनी आरी खाली ठेवली. बैठक सोडायची म्हणजे काय सोडायचं, हे त्या बाईला कसं सांगावं त्यांना कळेना. त्यांना दुसरं काहीच येत नव्हतं, आणि येत होतं ते दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

"मास्तरला दोन्ही शिकवा की," शालनबाई म्हणाल्या. "मुलं शाळंत दोन विषय शिकत्यात."

डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "शिकवता येईल. चालणं डाव्या पायाकडून घेऊ. पण हे बसणं कुणाकडून घ्यायचं? काकांचा डावा पाय तर मांडीखाली असतो. अगदी असाच बसणारा, अशाच बांध्याचा माणूस हवा. उजवा पाय धड असलेला."

असा माणूस माळवाडीत एकच होता आणि तो नदीकडच्या शेडमध्ये, हाकेच्या अंतरावर राहत होता.

बाजीरावाशी सर्जेराव अकरा वर्षं बोलले नव्हते. आबा गेल्यावर बाजीरावानं प्रेस मशीन आणलं. कातडं मशीनवर कापायचं, तळ मशीननं दाबायचे. पहिला जोड तयार झाला तसा तो घेऊन थोरल्या भावाला दाखवायला आला. बाजाराचा दिवस होता, दुकानापुढे पंचवीस माणसं उभी होती. सर्जेरावांनी जोड उलटासुलटा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आबांची बैठक मोडली ह्यानं. हा आता चप्पल करत न्हाई, छापतो." माणसं हसली. बाजीराव जोड घेऊन गेला तो गेला. सर्जेरावांच्या जिभेवर तिखट कायमचंच, पण त्या दिवशी ते भावाच्या डोळ्यांत गेलं. लग्नकार्याचे निरोप तेवढे शालनबाई न्यायच्या.

"मी न्हाई सांगणार," डॉक्टरीणबाई गेल्यावर शालनबाई म्हणाल्या. "अकरा वर्सं तुमचा टपाल्या झालोय मी. आता पाय तुमचा हाय, तोंड बी तुमचंच लावा."

"मरंन, पर त्याला सांगणार न्हाई."

"मरायचं न्हाई त्यात काही. नुसतं बसायचं बंद हुईल. बघा."

आठ दिवस गेले. सर्जेराव खाटेवर पडून राहिले, कारण आता जागेवर बसायला बंदी होती. जागा समोर दिसायची, रिकामी. दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. नवव्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला, "काका, उद्या शेवटचा दिवस." तो फोन तसाच चालू ठेवून सर्जेरावांनी दुसरा नंबर जोडला. पलीकडून "हां" आलं.

"बाजी," ते म्हणाले, "ह्या डॉक्टरीणबाई काय म्हंत्यात ऐक." आणि फोन खाटेवर टाकून भिंतीकडे तोंड फिरवलं.

बाईंनी बिचाऱ्यांनी तीन मिनिटं सगळं समजावलं. बाजीरावानं मधे काही विचारलं नाही. शेवटी म्हणाला, "कवा येऊ?"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दोघे भाऊ एका खोलीत होते आणि दोघेही पंख्याकडे बघत होते. बाजीराव आता अठ्ठावन्नचा, डोक्यावर टक्कल पडलेलं. त्यानं सोबत आपलं कातडं, आपली आरी आणली होती. जमिनीवर सतरंजी टाकली. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या उजव्या पायाला मास्तरचा पट्टा बांधला. तो खाली बसला, डावा पाय मांडीखाली घेतला, उजवं पाऊल बाहेरच्या कडेवर आडवं टाकलं. आबा बसलेत असं सर्जेरावांना क्षणभर वाटलं.

तासभर टाके घालायचे होते. आरीचा आवाज आणि वादी ओढल्याचा आवाज, एवढंच. डॉक्टरीणबाई पडद्यावर बघत होत्या.

"फारच उत्तम," त्या म्हणाल्या. "मला भीती होती, जुनी आठवण असेल आणि पाय विसरला असेल. पण टाचेच्या हाडाची बाहेरची कड किती जाड झालीय बघा. हे रोज बसल्याशिवाय होत नाही. दोन-चार वर्षं जरी सोडलं असतं, तरी हाडानं हा थर काढून घेतला असता."

सर्जेरावांनी पहिल्यांदा भावाकडे नीट पाहिलं. "रोज बसतोस?"

"सकाळचं दोन तास," बाजीराव खाली बघतच म्हणाला. "माणसं कामावर यायच्या आधी."

"बोलला न्हाईस कधी."

"तू इचारलंस कवा?"

पडद्यावरची रेघ वर-खाली होत राहिली. सर्जेरावांना तोंड लपवायला जागा नव्हती. गावभर ते सांगत आले होते, आबांची बैठक आता माझ्यापाशीच राहिली, आणि ते खोटं आहे हे एका टाचेच्या हाडानं चारचौघांत सांगितलं. तास संपला, बाजीरावानं आरी पुसली, कातडं गुंडाळलं आणि "येतो" म्हणून बिनड्रायव्हरच्या एसटीनं निघून गेला. सर्जेरावांना त्याला थांबवायचं होतं, पण अकरा वर्षांचा गंज एका तासात निघत नाही.

लेप मऊ केला, पुन्हा घट्ट झाला. आता मास्तरला वेळापत्रक होतं. सकाळी चालणं, दुपारी बैठक. सकाळी सर्जेरावांना पायात आपलंच चालणं जाणवायचं. दुपारी जेवणानंतर खाटेवर पडलं की मोटारी बारीक गुणगुणायला लागायच्या आणि बाजीराव पायात येऊन बसायचा. आधी त्यांना ते अवघडल्यासारखं वाटलं. मग ते दुपारची वाट बघायला लागले. शालनबाई शेजारी बसून पट्ट्यांची वेणी घालत असायच्या.

"काय म्हंत्यात भावजी?" त्या पायाकडे बघून विचारायच्या.

"बसलाय निवांत," सर्जेराव सांगायचे.

अशा एका दुपारी ते बायकोला म्हणाले, "शालन, तू माझं लई केलंस. मी कधी बोललो न्हाई." शालनबाईंनी वेणीतलं बोट न काढता म्हटलं, "पाय दुखतोय का जास्ती?" पण त्या दिवशी चहात साखर जरा जास्त पडली.

सहाव्या आठवड्यात चीर जुळली. आठव्या आठवड्यात सर्जेराव अंगणात चालले, दहाव्यात डॉक्टरीणबाईंनी रोज तासभर बैठकीवर बसायची परवानगी दिली. पाऊल आडवं टाकलं, कातडं दाबलं, घोटा ओढ सोसत राहिला. पहिला टाका पडला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. देवाचे, डॉक्टरीणबाईंचे, मास्तरचे, सगळ्यांचे त्यांनी मनात आभार मानले.

शेवटच्या तपासणीला ते शालनबाईंना घेऊन कोल्हापूरला गेले. डॉक्टरीणबाई खुश होत्या. दोन्ही विषयांत पहिला नंबर, असं म्हणाल्या. मग पडद्यावरचं एक टोक दाखवून म्हणाल्या, "एकच बारीक गोष्ट राहिलीय. बसून काम करताना तुमची टाच मधेच उचलली जाते आणि आत सरकते. लक्षात आलंय?"

"आलंय. आधी न्हवतं असं."

"ते तुमच्या भावाच्या पायातून आलंय. कामाला त्याचा काही उपयोग नाही, उलट कातडं क्षणभर सैल पडतं. मला वाटलं, पायाला रग लागते म्हणून करत असतील. पण तसं असतं तर कधीही झालं असतं. हे टाक्याच्या ठेक्यातच येतं, वादी ओढायच्या वेळेला. तेही ते स्वतःची वादी ओढतात तेव्हा नाही, मधल्या रिकाम्या वेळात. जणू दुसरं कुणीतरी ओढतंय. तुम्ही सांगाल तर आठ दिवसांत पायाला विसरायला लावते."

सर्जेराव आपल्या टाचेकडे बघत राहिले. शालनबाईंनी दोनदा विचारलं, काय झालं म्हणून. मग ते सावकाश बोलायला लागले.

"आमच्या आबांची पडवी तीन हात रुंद. तेवढ्यात तिघं बसायचो. मी बाजीच्या उजव्या अंगाला. टाका घातला की वादी दोन्हीकडं लांब ओढाय लागती. माझा डावा हात सुसाट जायचा आन् कोपर जाऊन त्याच्या पायावर बसायचं. तो आठ-नऊ वर्सांचा. रडायचा. आबा त्यालाच वरडायचं, दादाला जागा दे म्हणून. मग तो शिकला. मी वादी ओढायच्या आधी टाच उचलून आत घ्यायचा." ते थांबले. "आता शेडात एकटाच बसतोय. शेजारी कोण न्हाई. अकरा वर्सं झाली आमी शेजारी बसल्याला. तरी पाय जागा देतोय मला."

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरून नजर काढली.

"मी त्याला कधी दिली न्हाई," सर्जेराव म्हणाले. "जागा."

बाईंनी विचारलं, "मग काढायचं का हे?"

"नगं बाई. र्‍हाऊ द्या. माझ्या पायाला कवा शिकायचं हुतं ते?"

परतीची एसटी माळवाडीच्या फाट्यावर थांबली तेव्हा चार वाजले होते. सर्जेराव घराकडे वळले नाहीत. शालनबाई काही न विचारता मागून चालू लागल्या. नदीकडच्या शेडमध्ये मशीन चालू होतं, दहा-बारा माणसं कामाला होती आणि कोपऱ्यात बाजीराव एका जोडाचे कान, म्हणजे बाजूच्या पट्ट्या, बसवत जमिनीवर बसला होता. सर्जेरावांना बघून एकानं मशीन बंद केलं. सगळे थांबले. त्या माणसांतले तिघे अकरा वर्षांपूर्वी बाजारात हसणाऱ्यांत होते. बरं झालं, असं सर्जेरावांना वाटलं.

"सगळ्यांनी ऐका," ते म्हणाले. "ह्यानं आबांची बैठक मोडली असं मी बाजारात बोललो हुतो. ते खोटं हुतं. बैठक ह्यानं राखली. माझीच मोडली, चहाला उठताना. आज मी माझ्या पायानं चालत आलोय आन् माझ्या जागंवर बसतोय, ते ह्यानं दिल्यामुळं. आन् बाजी," ते भावाकडे वळले, "तुझी टाच काय करती ते मला आज कळलं. लई उशिरा कळलं. माझं चुकलं."

बाजीरावानं हातातला जोड खाली ठेवला. कारागीर एकमेकांकडे बघत होते, टाच काय करते ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मग त्यानं मान वर केली.

"दादा," तो म्हणाला, "उभा का हाईस?"

आणि सतरंजीवर डावीकडे सरकून त्यानं आपल्या उजव्या अंगाला जागा केली.